वापराचा रकाना

बाळगोंडा मामा बुधवारी सकाळी जयसिंगपूरहून न कळवता आले, तेव्हा मी दारातूनच म्हटलं, "या की मामा, साखरपुड्याची यादी घेऊन आलात वाटतं!" माझी ही सवय वाईट. माणसाचं तोंड बघायच्या आधी माझं तोंड सुरू होतं.

मामा हसले नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसले, पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला आणि टीपॉयवर पसरला. वर्तमानपत्रात घालून घरोघर टाकतात तसलं गुळगुळीत पत्रक होतं. त्यावर एकाच बाईचे दोन फोटो. डावीकडच्या फोटोत तिच्या ओठांभोवती, गालांवर, मानेवर पांढरे चट्टे. उजवीकडे तोच चेहरा, स्वच्छ. मधे लाल अक्षरांत लिहिलेलं, 'कोडापासून सहा महिन्यांत सुटका.' ती बाई म्हणजे माझ्या नणंद, विजयमाला. घरात सगळे त्यांना अक्का म्हणायचे. मामांच्या भाच्याशी, भरतेशशी, त्यांचं लग्न ठरून तीन आठवडे झाले होते.

अक्का शाळेत जायला निघाल्या होत्या. त्या तिथल्या वाचनालयात कामाला होत्या. त्यांनी वाकून पत्रक बघितलं आणि खळखळून हसल्या.

"अगं वैनी, बघ की! तुझ्या स्टुडिओतला फोटो. मला रंगवून ठेवलंय मेल्यांनी."

"विजयमाला," मामा म्हणाले, "भरतेशच्या आईनं बघितलंय हे. गल्लीत सगळ्या घरांत गेलंय."

"जाऊ दे की. रंगवलंय ते. थांबा, दाखवते."

त्या मोरीत गेल्या, पदर खोचला आणि साबणाने खसाखसा तोंड धुतलं. मान धुतली, कानामागे धुतलं. पाणी निथळत तशाच बाहेर आल्या आणि खिडकीच्या उजेडात मामांसमोर उभ्या राहिल्या. पावडर नाही, कुंकू नाही. गव्हाळ, नितळ चेहरा.

"बघा. कुठं आहे सांगा."

मामांनी मान खाली घातली. "पोरी, कागदात बी तेच लिहिलंय की. बरं झालं म्हणून. आई म्हणत्यात, तोंड साफ आहे हीच खूण. आधी होतं, आणि आपल्यापासून लपवलं."

स्वच्छ चेहराच जाहिरातीचा पुरावा झाला होता. अक्कांच्या हनुवटीवरून पाणी टपकत होतं. मी टॉवेल दिला, तो त्यांनी घेतला आणि हातातच धरून उभ्या राहिल्या.

मामा वाईट माणूस नव्हते. उठताना म्हणाले, "भरतेश नाही म्हणत नाही हो. त्याचं एवढंच म्हणणं आहे, फोटो साडीसाठी दिला होता, औषधासाठी नव्हे, असं कागदावर येऊ दे. आईची समजूत मी घालतो म्हणतोय. पण रविवारच्या आत काय ते करा."

हे सगळं एकोणीस वर्षांपूर्वीचं. अक्का तेव्हा तेहेतीस वर्षांच्या होत्या. सासूसासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सुकुमारला शिकवण्यात अक्कांचं लग्नाचं वय निघून गेलं होतं. नंतर स्थळं यायची, चहा प्यायची आणि वय विचारून जायची. भरतेश साखर कारखान्यात केमिस्ट होता, छत्तीस वर्षांचा, जरा अडखळत बोलणारा. त्याने अक्कांना पहिल्याच भेटीत वय न विचारता 'तुम्ही काय वाचता' असं विचारलं. त्या दिवसापासून अक्का पोळ्या लाटताना गुणगुणायला लागल्या होत्या. मी त्यांना फार चिडवायची.

आणि तो फोटो माझ्यामुळे निघाला होता. मी सांगलीतल्या एका स्टुडिओत टेबलावर होते. फोन घ्यायचे, तारखा द्यायच्या, फॉर्म भरायचे. स्टुडिओचे मालक पोतनीस सर, त्यांनी मला ठेवलं होतं ते माझ्या अक्षरासाठी. लग्न ठरायच्या दीड वर्ष आधी एका साडीच्या दुकानाच्या कॅटलॉगसाठी ठरलेली मुलगी ऐनवेळी आली नाही. मी म्हटलं, आमच्या अक्का आहेत की! रिक्षा पाठवून त्यांना घेऊन आले. सात साड्या नेसून त्या दुपारभर उभ्या राहिल्या, आणि शेवटी सरांनी त्यांचा नुसता चेहऱ्याचा एक फोटो काढला. "काय चेहरा आहे हो," असं म्हणालेसुद्धा. मला तेव्हा अभिमान वाटला होता.

गुरुवारी आम्ही तिघं आरवाडे वकीलबाईंकडे गेलो. अक्का, सुकुमार आणि मी. वकीलबाईंनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं.

"फोटो काढू देणं वेगळं आणि तो कुठंही वापरू देणं वेगळं," त्या म्हणाल्या. "साडीसाठी दिलेला चेहरा औषधाला लावता येत नाही, आणि वर चट्टे रंगवून तर नाहीच नाही. पण सही केलेल्या फॉर्मवर काय लिहिलंय, त्यावर सगळं आलं. तुमची प्रत कुठाय?"

"प्रत दिली नाही मला," अक्का म्हणाल्या.

प्रत कुणालाच देत नसू. ती पद्धतच नव्हती. मी हे बोलले नाही.

"फॉर्म वाचला होता?"

"वाचला की. पहिली ओळ नावाची, दुसरी पत्त्याची. मग 'फोटोचा वापर' म्हणून एक लांब रकाना होता, तो कोरा होता. मी वैनीला विचारलंसुद्धा, इथं काही लिहिलेलं नाही म्हणून. ती म्हणाली, तो कोराच असतो, साड्यांचंच आहे, मी आहे ना."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"असेल," मी म्हटलं. "मला नीट आठवत नाही. तेव्हा दिवसाला दहा-दहा मुली यायच्या."

"अगं, मी निऱ्या धरून उभी होते. तू पेन माझ्या हातात दिलंस."

"असेल म्हणते ना अक्का."

"असेल नको," वकीलबाई म्हणाल्या. "सही कोऱ्या रकान्यावर घेतली आणि मजकूर नंतर भरला, हे सिद्ध झालं तर तो कागद उभाच राहत नाही. फोटोवाला माफी लिहून देईल, जाहिरात मागं घ्यावी लागेल. पण कोरा होता हे सांगणारं दुसरं माणूस पाहिजे. शनिवारी मी त्यांना फॉर्म घेऊन बोलावते. मुलाकडच्यांनाही बोलवा. समोरासमोर होऊ दे."

मला सगळं आठवत होतं. अक्कांनी विचारलेलं आणि मी पेन दिलेलं तर आठवत होतंच, पण मला पुढचंही आठवत होतं, जे त्या तिघांना ठाऊक नव्हतं. त्या कॅटलॉगनंतर चार-पाच महिन्यांनी एका दुपारी सरांनी जुन्या फॉर्मचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. मुंबईची एक फोटो विकणारी कंपनी आपले फोटो घेते म्हणतेय, रकाने रिकामे चालत नाहीत, मी सांगतो तसं लिहा, असं म्हणाले. आणि मी लिहिलं. 'साडी, दागिने, सौंदर्यप्रसाधने, त्वचा व केसांची औषधे व इतर सर्व जाहिराती.' साठ फॉर्म, सुंदर अक्षरात. अक्कांचा त्यातच होता. त्यांची सही बघून माझा हात थांबला. मग मी स्वतःला म्हटलं, कोण बघतंय, आणि तोही भरून खाली ठेवला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे दांडा मी होते.

शुक्रवारी मी सरांना म्हटलं, "सर, तुम्हीच लिहून द्या की साडीचं होतं म्हणून. घरचंच माणूस आहे ते."

पोतनीस सर कधी आवाज चढवत नसत. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"राजमती, मी लिहून दिलं तर कंपनी मला विचारणार, मग मजकूर कुणी भरला? अक्षर कुणाचं आहे?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून मी लिहिलं."

"मी सांगितलं याला पुरावा काय? सही झाल्यावर मजकूर घालणं म्हणजे बनावट कागद. पोलीस ज्याचं अक्षर त्याला उचलतात. ह्या दिवसांत तुम्हाला ती धावपळ झेपणार आहे का? मी तुम्हाला वाचवायलाच बघतोय."

मला पाचवा महिना होता. चार वर्षं वाट बघून राहिलेला. आज मला कळतं की तो माणूस माझ्याइतकाच घाबरला होता, कदाचित जास्तच. तेव्हा मला फक्त पोलीस दिसत होते, आणि माझं पोट.

घरी आले तर अक्का माझ्यासाठी डिंकाचे लाडू वळत बसल्या होत्या. "उद्या नीट सांग हं वैनी," म्हणाल्या, "घाबरू नकोस. खरं तेच सांगायचंय." मी लाडू खाल्ला. दोन खाल्ले.

शनिवारी वकीलबाईंच्या खोलीत आम्ही सातजण होतो. भरतेश स्वतः आला होता, मामांच्या शेजारी. त्याने अक्कांकडे बघून हलकेच मान हलवली. अक्का निळी इरकल नेसल्या होत्या. सरांनी फॉर्मची झेरॉक्स टेबलावर ठेवली.

"परवानगी स्पष्ट आहे," सर म्हणाले. "त्वचेची औषधं असं लिहिलेलंच आहे. फोटो आम्ही कंपनीला दिला. पुढं कुणी काय रंगवलं, आम्हाला कल्पना नाही."

मामांनी कागद लांब धरून वाचला. "औषधाला परवानगी दिलीया म्हणायची की मग," ते हळूच म्हणाले. "कोडाच्या औषधाला आपला चेहरा कोण देतंय, स्वतःला असल्याबिगर?"

"मी दिली नाही," अक्का म्हणाल्या. "तो रकाना कोरा होता."

"मामा, ऐकून तर घ्या," भरतेश म्हणाला. त्या दिवशी तो तेवढंच बोलू शकला.

वकीलबाईंनी कागद मामांच्या हातून घेतला आणि अक्कांपुढे सरकवला. "सही तुमचीच ना?"

अक्कांनी कागद उचलला. आधी सही बघितली. मग वरचा रकाना वाचायला लागल्या. ओळ दीडच होती, पण त्यांना वाचायला फार वेळ लागला. मी त्यांच्या शेजारी बसले होते. मला त्यांच्या बोटांखालचं माझं अक्षर दिसत होतं. माझा 'त्व' वेगळा येतो, खाली गाठ मारल्यासारखा. शाळेपासूनच तसा येतो.

त्यांनी कागद खाली ठेवला. सरांकडे बघितलं नाही, भरतेशकडेही नाही. माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी तो चेहरा कितीदा तरी परत परत आठवून पाहिलाय, राग सापडावा म्हणून. नव्हता.

"वैनी होती तिथं," त्या म्हणाल्या. "वैनी, तू सांग. मी सही केली तेव्हा रकाना कोरा होता की भरलेला?"

सुकुमारने माझ्या पाठीवर हात ठेवला, मला धीर यावा म्हणून. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"भरलेला होता," मी म्हटलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. वकीलबाईंनी विचारलं, "नक्की?" मी मान हलवली. मग त्यांनी अक्कांकडे बघितलं. अक्का थोडा वेळ माझ्याकडेच बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मग असेल भरलेला. मी वाचला नसेन."

मामा उठले. भरतेशला उठायला वेळ लागला. दारात तो थांबला, काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं, नेहमीसारखा अडखळला, आणि मामांनी त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर नेलं. परत येताना रिक्षात सुकुमार सारखा म्हणत होता, "अक्का, तू एवढी वाचणारी! औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा वाचतीस! आणि सही करताना कशी गं वाचली नाहीस?" अक्का बाहेर बघत होत्या. त्यांनी मांडीवरचा माझा हात बाजूला केला नाही. तो मीच काढून घेतला.

सोमवारी मी नोकरी सोडली. त्याला शौर्य म्हणायचं तर म्हणा. पत्रक पुढे वर्षभर निघत राहिलं, एसटी स्टँडावरही लागलं. वैशाखात भरतेशचं लग्न कुरुंदवाडच्या मुलीशी झालं. अक्का गुणगुणायच्या थांबल्या, एवढंच. बाळंतपणात माझं सगळं त्यांनीच केलं. मुलीचं नावही त्यांनीच ठेवलं, सन्मती.

सन्मती तीन महिन्यांची होती तेव्हा अक्कांनी लातूरकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात नोकरी धरली. त्या सामान बांधत होत्या आणि मी पोरीला खांद्यावर घेऊन दारात उभी होते. मला आणखी सहन झालं नाही.

"अक्का, ते अक्षर माझं होतं."

त्या साडीची घडी घालत राहिल्या. "स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर तुझं अक्षर आहे वैनी. मला ओळखू येणार नाही होय?"

"मग तिथं का नाही बोललात?"

"मी बोलून काय झालं असतं? तुला विचारलं की मी."

मी रडायला लागले. पोरगीही रडायला लागली. अक्कांनी तिला माझ्याकडून घेतलं आणि थोपटत खोलीत फिरायला लागल्या.

"मी आत्ता जाते वकीलबाईंकडे," मी म्हटलं. "सगळं सांगते."

"आता कुणाला उपयोग? भरतेशचं लग्न झालं की."

"मग मी काय करू ते तरी सांगा."

त्या थांबल्या. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला. "सुकुमारला सांग. त्याला वाटतंय मी न वाचता सही केली. लग्नाचं जाऊ दे गं. पण मी वाचलं होतं, विचारलंही होतं, आणि माझ्या माणसानं सांगितलं म्हणून सही केली. एवढं माझ्या भावाला कळू दे. मला दुसरं काही नको."

"सांगते."

"नक्की?"

"आजच सांगते, अक्का. शपथ."

त्या संध्याकाळी सुकुमार अक्कांना गाडीत बसवून आला. डोळे लाल झाले होते. त्याने पोरीला उचललं, तिच्या पोटात तोंड खुपसलं आणि म्हणाला, "आता तूच गं माझी." मी म्हटलं, उद्या सांगू.

तो उद्या कधी आलाच नाही. अक्का दर भाऊबीजेला यायच्या, दोन दिवस राहायच्या, जायच्या. पहिली दोन-तीन वर्षं माझ्याकडे एकदा नीट बघायच्या. नंतर बघायचं सोडून दिलं. सुकुमारचा मात्र तो कायमचा दाखला झाला. बँकेत, विम्याच्या एजंटासमोर, गॅसवाल्यासमोर तो हसून म्हणायचा, "थांबा, वाचू द्या. आमच्या अक्कासारखी सही नको." पुढे नुसतंच 'अक्कासही' म्हणायला लागला. घरात तो शब्द रुळला. सन्मती तो शब्द ऐकतच मोठी झाली.

परवाच्या भाऊबीजेला अक्का आल्या होत्या. केस बरेच पिकलेत. चेहरा तसाच नितळ आहे. ओवाळून झालं, पानं मांडली होती. सन्मतीला पुण्याच्या कॉलेजच्या हॉस्टेलचा फॉर्म भरायचा होता. ती पेन घेऊन सगळ्यांच्या मधेच बसली.

"वाचून हं," सुकुमार लाडू तोडत म्हणाला. "अक्कासही करू नकोस."

सन्मती हसली. मग काय तिच्या मनात आलं कोण जाणे, अक्कांकडे वळून तिने विचारलं, "आत्या, खरंच तू न वाचता सही केली होतीस?"

अक्कांच्या हातातला घास हातात राहिला. किती वर्षांनी त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या आईला विचार," त्या म्हणाल्या. "ती होती तिथं."

सन्मती माझ्याकडे बघायला लागली. सुकुमारही, तोंडात लाडू घेऊन, हसत. पोतनीस सर जाऊन सात वर्षं झाली होती. तो स्टुडिओ राहिला नव्हता. पोटातली पोर अठरा वर्षांची होऊन समोर बसली होती. मला कुणीही, काहीही करणार नव्हतं.

"हो गं," मी म्हटलं. "न वाचताच केली."